पांढऱ्या छत्रीची सावली

"मान किंचित डावीकडे… आणखी थोडी. आता हलू नका."

कुडाळच्या त्वचारोगाच्या दवाखान्यातल्या आतल्या खोलीत मथुरा भिंतीला टेकून उभी होती. उपचारापूर्वीचा फोटो हाती आल्यावाचून तिथल्या डॉक्टरीणबाई पुढचे बोलत नसत, आणि तो काढण्यासाठी दर गुरुवारी मालवणहून एक फोटोग्राफर येत असे. सकाळच्या एसटीने तारकर्लीहून निघालेली मथुरा दमून गेली होती. पण तो शीण त्या एका सकाळचा नव्हता. वयाच्या बाराव्या वर्षापासून ती किनाऱ्यावर मासळी सुकवत आली होती, आणि सतरा वर्षांच्या उन्हाने तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग कायमचे वस्तीला आणून ठेवले होते.

कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र कळ दाबीना. त्याने कॅमेरा हळूच खाली घेतला.

"फेब्रुवारीत तुम्ही आमच्या स्टुडिओत आला होतात. दिव्याच्या पांढऱ्या छत्रीसमोर बसवलं होतं तुम्हाला."

तिनेही त्याला ओळखले. यतीन. फोटो काढताना 'हसा' असे न सांगणारा एकमेव फोटोग्राफर म्हणून तो तिच्या लक्षात राहिला होता.

"तोच फोटो स्थळाला पाठवला," ती म्हणाली. "पसंत पडला. नारळी पौर्णिमा झाली की मंडळी बघायला येणार. तोवर त्या फोटोसारखं दिसायला हवं… म्हणून इथे."

यतीनचा चेहरा उतरला. कौलांवरून पागोळ्या गळत होत्या, त्यांच्याकडे पाहत तो म्हणाला, "तो फोटो खरा नाही. दुकानात नवा संगणक आला होता. त्यावर मी तुमचे डाग पुसले. त्या आठवड्यात जो जो आला, त्याचे पुसले. विचारलं कुणालाच नाही."

मथुरेने भिंतीवरची पाठ काढली. चार महिने त्या फोटोची दुसरी प्रत तिच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत होती; घरात कुणी नसले की मथुरा ती काढून पाही. फोटोतल्या त्या नितळ बाईचा तिला हेवा कधी वाटला नव्हता, कारण ती बाई आपणच आहोत, अशी तिची खात्री होती.

"माका वाटला," ती नकळत घरच्या बोलीत म्हणाली, "तुमच्या दिव्यात मी तशी दिसतंय."

यतीनने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला. मग कळ दाबली.

डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग सांगितले. पहिला पीलचा : चेहऱ्यावर सौम्य आम्ल लावायचे, वरची कातडी आठवडाभर सोलून निघू द्यायची, आणि असे चार वेळा. दुसरा लेसरचा : त्यासाठी पणजीला जावे लागणार; शिवाय सावळ्या कातडीवर डाग उलट गडद होण्याची धास्ती. तिसरा मार्गही होता, साधे मलम आणि सावली. पण त्याला वर्ष लागेल, त्यामुळे लग्न ठरलेल्या मुली तो घेत नाहीत, असे त्या हसून म्हणाल्या. कोणताही मार्ग घेतला तरी उन्हात बसल्यास डाग परत येणार, हे मात्र त्यांनी तिन्ही वेळा बजावले. निर्णय पुढच्या गुरुवारी कळवायचा होता.

परतीच्या एसटीत यतीन दोन बाके सोडून बसला. कट्टा आल्यावर मधली माणसे उतरली, आणि तो शेजारच्या बाकावर आला.

"तुमी इतक्या जणींचे फोटो काढतास," मथुरा खिडकीकडे पाहत म्हणाली. "सोलून घेवक बरा, की लेसर?"

"दुसऱ्यांचे फोटो मी दाखवणार नाही. पण पाहिलं ते सांगतो. सोललेल्या जागी येणारी कातडी फार कोवळी असते. तिला ऊन ठाऊक नसतं."

"म्हणजे करू नको म्हणतास?"

"मी काहीच म्हणत नाही. एकदा न विचारता केलंय, ते पुरे आहे." मग तोही बोलीवर आला. "पण खरा सांग… तुका गोरा व्हवचा आसा?"

"गोरा होवन काय करू?" ती थकल्या स्वरात हसली. "न्हवऱ्याची नोकरी कचेरीत, घर तिसऱ्या माळ्यार. थंय मासळी सुकवची नाय. माका गोरेपण नको, यतीन. माका सावली व्हयी."

त्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिले. फोटोग्राफर पाहतो तसे ते पाहणे नव्हते. म्हणूनच की काय, तिने मान फिरवली नाही.

मालवणला उतरल्यावर तारकर्लीच्या गाडीला अवकाश होता. यतीन दुकानात जाऊन एक पाकीट घेऊन आला. "हो मूळ फोटो. पाठवचो की नाय, तां तुझा तू ठरव."

तिने तो स्थळाला पाठवला. घरी तुळसा वहिनीने कपाळाला हात लावला. "आपल्या हातान चुलीत पाणी ओतलंस गो!"

पाचव्या दिवशी शेजारच्या घरी फोन आला. वहिनी बोलून परत आली, ती पडवीच्या पायरीवरच बसली. "ते इचारतत… ही थोरली भयण काय? धाकटीचो फोटो आधी इलेलो, म्हणतत. तेंका तीच व्हयी."

मथुरेला रडू येईल, असे वहिनीला वाटले होते. मथुरा आधी हसली. रडू त्यानंतर आले, आणि तेही थोडेच. जी सावली तिला हवी होती, ती तिला नव्हे, फोटोतल्या, मुळात नसलेल्या धाकट्या बहिणीला मिळणार होती.

गुरुवारी तिने डॉक्टरीणबाईंना सांगितले, "दोन्ही नको. मलम द्या."

बाहेर यतीन कॅमेरा पुसत होता. फोनची हकिगत ऐकून तो हसला नाही.

"एक डाग मी पुसूक नव्हतो," तो म्हणाला. "उजव्या कानाखालचो. हात धजलोच नाय. थंय तू… तूच दिसत होतंस."

"आणि ह्या तू आता सांगतंस?"

"आधी सांगलंय असतंय, तर तू लेसर घेतलंस असतंस. मी डाग ठेव सांगतंय असा वाटान, माझो राग येवन."

"राग अजून गेलेलो नाय," मथुरा म्हणाली. पण मलमाची पिशवी तिने त्याच्या हातात दिली, आणि स्टँडपर्यंत ती परत मागितली नाही.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या. चौथ्या दिवशी लख्ख ऊन पडले, आणि मथुरा तारकर्लीच्या वाळूवर बांगडे पसरत होती. डोक्यावर पदर, गालांवर मलम, आणि सतरा वर्षांचे तेच ओणवेपण. अकरा वाजले असतील. एकाएकी तिच्या हातांवरचे ऊन नाहीसे झाले.

तिने वर पाहिले. यतीन स्टुडिओतली पांढरी छत्री घेऊन उभा होता. त्याच्या मागे, एका हातात चपला, दुसऱ्या हातात ओटीचा नारळ घेऊन वाळूतून येणारी त्याची आई दिसत होती.

पलीकडे बांगडे उलथणारी वहिनी खुदकन हसली. "काय रे, फोटो काढतंस की सावली धरतंस?"

"सावली. फोटो झालो काढून."

"रोज असो उभो रवतलंस?" मथुरेने विचारले.

"दुपारपर्यंत. मगे दुकान उघडूचा आसता." तो थांबला. "दुकानात दुपारी ऊन येणा नाय. तू इलंस तर…"

वाक्य त्याने अर्धेच सोडले. मथुरेनेही ते पुरे करून मागितले नाही. तिने हात पदराला पुसले, माथ्यावरचा पदर खाली घेतला. आणि बारा वर्षांची असल्यापासून प्रथमच, बांगडे अर्धे उलथायचे ठेवून, त्या सावलीत पाय पसरून ती निवांत बसली.