शंकूफुलांची तहान

डॉ. रेहाना मुजावर यांनी मुळाचा काप रसमापकाखाली तिसऱ्यांदा ठेवला आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तोच आकडा उमटला. शून्य.

"सर, तुम्ही झाडांना पाणी घातलंत का?"

भास्करराव उपासनी स्टुलावर अंग चोरून बसले होते. साताऱ्याच्या कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की आपण चुकून आत आलो, असंच त्यांना वाटे. "नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे, मला तरी आठवत नाही."

"पेपरात असं लिहिलं असतं तर तुम्हीच मला शून्य दिलं असतंत," रेहाना म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. पण हे बोलताना ती हसली नाही.

भास्कररावांच्या पत्नी सिंधूताई यांच्या रक्तातल्या पेशी त्यांच्याच शरीरावर उठल्या होत्या. त्यांना आवरणारा रक्षकरस फक्त एका झाडाच्या मुळात तयार होई. ते झाड म्हणजे शंकूफूल, बागांमधली एकिनेशिया. मधोमध तपकिरी, खरखरीत शंकू आणि खाली झुकलेल्या जांभळट पाकळ्या. रुग्णाच्या पेशींच्या खुणा रोपात उतरवायच्या आणि ती रोपं रुग्णाच्याच अंगणात वाढवायची, अशी ही पद्धत. दुसऱ्याच्या झाडाचा रस चालत नसे. उपासनींच्या अंगणात अशी सहा झाडं होती. तीन वर्षं भास्कररावांनी ती जपली होती. माती हलकी ठेवली, खत दिलं नाही, सुकलेली फुलं वेळच्या वेळी खुडली. या तिसऱ्या वर्षी मुळं काढायची होती.

"कुठे चुकलं ते बघू या," रेहाना म्हणाली. "सुखात असलेलं झाड रस करत नाही. पाणी मिळणार, या आशेवर ते फुलं काढत राहतं. आशा सुटली की मगच मुळात रस साठवू लागतं."

"ताणस्मृती," भास्करराव पुटपुटले.

"हो. म्हणून शेवटचे चार महिने वाफ्यावर छप्पर आणि पाणी बंद. पण या काळात एकदा का झाडाला कळलं, की कुणीतरी पाणी देतंय..."

"की ते पुढची थंडी सरेपर्यंत त्याच भरवशावर राहतं," त्यांनी वाक्य पुरं केलं आणि लगेच त्यांना वाटलं, आपण कशाला बोललो.

"आणि मुळांवरच्या बुरशीच्या तंतूंनी सहाही झाडं जोडलेली आहेत. एकाला दिलासा मिळाला की सगळ्यांना मिळतो." वाफ्यातली ओलमापक सुई सकाळीच उपटून आणली होती. तिच्यातली नोंद रेहानाने पडद्यावर उघडली. "हे बघा. रोज तीनदा ओलावा वाढतोय. अगदी थोडा, ओंजळभर पाण्याचा. सकाळी साडेआठ, दुपारी दोन, रात्री साडेआठ."

भास्करराव त्या तीन वेळांकडे बघत राहिले. आधी त्यांना स्वतःचाच संशय आला. पंचाहत्तरी उलटलेली, विसरभोळेपणा वाढलेला. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्या वेळांना ते स्वतःच सिंधूताईंच्या हातावर गोळी ठेवत आणि पुन्हा पुस्तक वाचायला आतल्या खोलीत जात.

त्यांनी रेहानाला काही सांगितलं नाही. "म्हणजे अजून वर्षभर," एवढंच म्हणाले.

"हो, सर." दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सिंधूताईंना दिवाळीपर्यंतचीच मुदत दिली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

भास्करराव घरी पोचले तेव्हा दोन वाजत आले होते. सिंधूताईंची कॉट खिडकीला लागून होती आणि खिडकीखालीच वाफा. ती जागा त्यांनीच मागून घेतली होती. भास्कररावांनी गोळी दिली, पण आज ते आत गेले नाहीत. दाराशीच उभे राहिले.

सिंधूताईंनी फुलपात्रातून दोन घोट घेतले. मग हात गजांतून बाहेर काढला आणि उरलेलं पाणी हळूच झाडांवर सोडलं. उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाला घालायचं, ही त्यांच्या माहेरची शिस्त. पन्नास वर्षांच्या संसारात ती कधी मोडली नव्हती.

पाणी का बंद आहे, ते भास्कररावांनी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तुझ्यासाठी झाडं तहानलेली ठेवतोय, असं म्हणायचा त्यांना धीर झाला नव्हता. या झाडांना पाणी फारसं लागत नाही, एवढंच सांगून त्यांनी वेळ मारून नेली होती.

"अगंबाई, तुम्ही इथेच?" सिंधूताई ओशाळल्या. "काय म्हणाली रेहाना? उतरलं का औषध?"

"नाही उतरलं."

"का हो?"

खिडकीबाहेर सहाही झाडं भरभरून फुलली होती. भास्कररावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"चूक माझी आहे. पाणी घालायचं नव्हतं. मी घालत होतो."

सिंधूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. कितीतरी महिन्यांत भास्कररावांनी ते पाहिलं नव्हतं.

"तुम्हालाही बघवेना ना? मला वाटायचं, पुस्तकातून डोकं वर काढाल तर झाडं दिसतील. तुमच्या जोडीला मीही थोडं घालायची हो. रेहानाला सांगू नका, रागवेल. पुढच्या वर्षी दोघं मिळून नियम पाळू."

"पाळू," भास्करराव म्हणाले.

सिंधूताईंनी फुलपात्र पुढे केलं. तळाशी अजून घोटभर पाणी राहिलं होतं. "माझा हात पुरत नाही. ते कोपऱ्यातलं झाड रोज कोरडं राहतं. तेवढं घाला."

आता घातलं काय आणि न घातलं काय. भास्कररावांनी तांब्यातून फुलपात्र काठोकाठ भरून घेतलं आणि ते अंगणात गेले.