नकाशातली पडीक जमीन

छपाईच्या दुकानात दोघांच्या कागदांची अदलाबदल झाली आणि तिनं भलतीच गुंडाळी उलगडली.

ती पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. सगळं गाव तिला पाणीवाली म्हणायचं. तिच्या कागदावर गढूळपणाचे आलेख असायला हवे होते. हा तर नकाशा निघाला! वर ठळक अक्षरं, 'वीस वर्षांनंतरचा जमीनवापर'. गावाबाहेरचं पाणथळ तिनं बोटानं शोधलं. तिथं पिवळ्या रंगात घरं होती, जांभळ्यात गोदामं, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं : 'सध्या पडीक'.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माफ करा, ती माझी..." मागून आवाज आला. कानामागे पेन्सिल खोचलेला एक तरुण उभा होता.

"हे तुम्ही काढलंय?"

"हो." तो खुशीत हसला. "रंग बरे जमलेत ना?"

"रंग! त्याला पडीक म्हणताना काहीच कसं वाटलं नाही तुम्हाला?"

"उपग्रहाच्या चित्रात तिथं इमारत नाही, पीक नाही. मग नियमानुसार ते..."

"आणि माणसं दिसतात का हो त्या चित्रात? माझे बाबा तिथल्या लव्हाळ्याच्या चटया विणतात. रविवारी सकाळी सातला धक्क्यावर या. दाखवते तुमचं पडीक!"

"सातला," तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की तिला आणखीच राग आला.

आणि तो आला की! गुळगुळीत तळाचे, चकाचक पॉलिश केलेले बूट घालून. भुरभुर पाऊस पडत होता. ती बांबूनं होडी रेटत होती आणि तो वहीवर हात धरून बसला होता. स्वतः भिजला तरी चालेल, वही भिजायला नको.

ओढ्याचं पाणी पाणथळात शिरतं तिथं तिनं गढूळपणा मोजला. ऐंशी. पलीकडे, पाणी बाहेर पडतं तिथं मोजला. पाच.

"मध्ये कुठलं यंत्र आहे?" त्यानं विचारलं.

"लव्हाळं. आणि चिखल. शिवाय पूर आला की सगळं पाणी इथंच पसरतं, म्हणून बाजार कोरडा राहतो. तुमच्या नकाशात याला रंग आहे कुठला?"

त्यानं वहीत काहीतरी टिपलं. मग उतरून बघायला म्हणून पाय टाकला, आणि गुडघ्यापर्यंत आत गेला.

"काय हो, पडीक जमिनीनं धरलं वाटतं?"

"धरलं खरं..." तो म्हणाला. "सोडेल असं दिसत नाही." बघत मात्र तिच्याकडे होता.

तिनं घाईनं मान फिरवली. कान का तापले, कोण जाणे!

असे चार रविवार गेले. बाबा त्याला चहा देऊ लागले. 'तुम्ही' होतं, पण त्यातला ताठरपणा विरघळत चालला. त्यानं तीन नकाशे नव्यानं काढले : पाणथळ राखलं तर, निम्मं बुजवलं तर, सगळंच बुजवलं तर. प्रत्येकाखाली आकडे होते... किती पाणी निवळेल, पूर कुठवर येईल. तिसऱ्या नकाशात बाजारात कंबरभर पाणी होतं.

बुधवारी आराखड्यावरच्या जाहीर सुनावणीची सूचना लागली. भिंतीवर एकच नकाशा होता, तिसरा. खालचे आकडे गायब.

ती तडक त्याच्या नगररचना कार्यालयात गेली.

"बाकीचे दोन कुठंयत?"

"साहेबांनी कपाटात ठेवलेत."

"आणि आकडे?"

"खोडायला लावले..."

"त्यांनी लावले, आणि तू खोडलेस!" 'तू' तोंडातून निसटलं ते असं, भांडणात. "मूग गिळून बसायचं होतं, तर कशाला आलास चार-चार रविवार?"

"माझी नोकरी आहे गं ही..."

"मग सांभाळ तिला. मला तोंड दाखवू नकोस."

जिना उतरताना तिचे डोळे भरून आले. त्या रडू येण्याचाही तिला रागच आला.

शनिवारी शाळेचं सभागृह खच्चून भरलं होतं. "त्या जागेचा कुणालाच उपयोग नाही," साहेब म्हणाले. ती उठली. आवाज कापत होता, तरी तिनं एकेक आकडा सांगितला.

"बाई, भावनेवर आराखडे होत नाहीत. पुरावा आहे?"

"आहे." आवाज शेवटच्या रांगेतून आला. नकाशेवाला उभा होता. चेहरा पांढराफटक. "हे आकडे माझे आहेत. साहेबांच्या सांगण्यावरून मीच खोडले. 'पडीक' हा शब्दही माझाच. तो खोटा आहे." आणि त्यानं कपाटातून काढून आणलेले दोन नकाशे पुढच्या टेबलावर पसरले.

बाबा सगळ्यांत आधी उठून टेबलापाशी गेले. मग अख्खं सभागृह.

आराखडा परत गेला. वर्षभर मोजमाप करून मगच निर्णय, असं ठरलं. पण रस्त्याकडेची पट्टी बुजवायला परवानगी आधीच मिळाली होती. सोमवारी तिथं ट्रक माती ओतू लागले. ती काठावर मुठी आवळून उभी होती. तो शेजारी येऊन थांबला.

"बदली झाली माझी. सहा तास लांब. जुन्या कागदांच्या खोलीत."

"आणि हे तू असं आरामात सांगतोस? भांडला नाहीस? अर्ज, तक्रार, काही?"

"केलाय अर्ज. पण तू माझ्यावर का ओरडतेस?"

"मग कुणावर ओरडू?" तिनं ट्रककडे हात केला. "ते लव्हाळं गाडतायत, तुला हाकलतायत, साहेब आपल्या खुर्चीत तसाच बसलाय... आणि तू समोर नसलास तर हा सगळा राग मी घेऊन जायचा कुठं? तुझ्याशिवाय दुसरं कुणी आहे का मला... इतकं आपलं?"

ट्रकनं आणखी एक ढीग ओतला. त्या आवाजात तो काहीतरी म्हणाला.

"काय? मोठ्यानं बोल!"

"लग्न करशील का म्हटलं!" तो ओरडला. ट्रकचा ड्रायव्हरही वळून बघायला लागला.

"करीन!" ती तितक्याच तावानं ओरडली. "पण मोजमाप पुरं होईपर्यंत दर रविवारी यायचं. एक जरी चुकवलास ना..."

"सहा तास यायचे, सहा जायचे!"

"मग शनिवारीच ये," ती म्हणाली, आणि डोळे पुसायच्या आधी त्याचा हात घट्ट धरला.