अर्ध्या तासाची झोप

"अहो... उठा. अर्धा तास झाला."

ती दचकून उठली. तपासणी खोलीतला तो माणूस समोर उभा होता, हातात रिकामी पिशवी घेऊन. शेजारी भाची खुदुखुदु हसत होती. "मावशी, तू घोरत होतीस!"

अगं बाई! परक्या माणसासमोर... "मी नाही घोरत," ती म्हणाली.

"छे, घोरणं कसलं? लयीत श्वास घेत होतात. आमचं कामच श्वासाचं, आम्हाला कळतं."

काम खरंच तसलं. बहीण गेल्यापासून पोर मावशीकडेच. अंगाने काडी, म्हणून नावही काडीच पडलेलं. पोट दुखतं, जेवण नको, रक्त कमी. सगळे म्हणायचे, शाळा बुडवायची नाटकं आहेत. मावशीलाही तसंच वाटलं होतं, आणि आता ते आठवलं की तिचा जीव तीळतीळ तुटायचा. शेवटी डॉक्टर म्हणाले, जठरात जंतू असेल. औषधी पाणी प्यायचं, अर्धा तास थांबायचं, मग पिशवीत फुंकर मारायची. जंतू असला तर श्वासात सापडतो.

सापडला. गोळ्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं, आणि कडू गोळ्यांपायी पोर रडते म्हणून मावशीने उरलेल्या मध्येच बंद केल्या.

पुढच्या तपासणीत जंतू होताच.

"गोळ्या पुऱ्या केल्या होत्यात?" त्याने विचारलं.

"बरं वाटत होतं हो तिला..."

"बरं वाटणं वेगळं आणि बरं होणं वेगळं, बाई."

झालं! तिचा बांध फुटला. "बोलायला तुमचं काय जातंय? दिवसभर दुकानात उभं राहायचं, रात्रभर हिचं कण्हणं ऐकायचं... मी एकटी आहे हो!"

तो ओशाळला. त्याने आपला स्वेटर घडी करून बाकावर, तिच्या उशाशी ठेवला. "चुकलं माझं. डॉक्टर यायला वेळ आहे, पडा जरा. काडीकडे मी बघतो."

आणि काय सांगावं — ती खरंच झोपली. तो काडीला हळू आवाजात कोडी घालत होता, तेवढं ऐकू आलं, मग काहीच नाही.

डॉक्टरांनी औषधं बदलली. या खेपेला एकही गोळी चुकली नाही. शेवटच्या तपासणीला मात्र ती बाकावर ताठ बसून राहिली.

"आज झोप नाही?"

"पुन्हा निघाला तर? पोर वाढायची थांबलीय हो..."

"निघाला तर पुन्हा औषध. मी कुठे पळून जातोय?"

तेवढं ऐकलं मात्र, तिचे डोळे मिटले.

जाग आली ती काडीच्या आवाजाने. "मावशी, जंतू गेला! आणि मला भूक लागलीय!"

भूक! तिला रडूच कोसळलं. तो यंत्राकडे तोंड करून उगाच नळ्या पुसत होता.

"म्हणजे... आता यायला नको?" तिने विचारलं.

"नको." आवाज अगदी पडलेला.

ती दारापर्यंत गेली, आणि वळली. "ऐका ना... मला घरी झोप येत नाही."

"आता येईल की. काळजी मिटली."

"नाही यायची. तिथे... तुम्ही नसता."

त्याचे कान लाल झाले. नळी हातातून निसटली.

"मी घोरतो," तो कसाबसा म्हणाला.

"लयीत?"

"अजिबात नाही."

"चालेल," ती म्हणाली. "तुम्ही असलात की मला कुठे जाग येते!"