गोलकीपरचा घाम

“ऐका ना... तुमचा थोडा घाम मिळेल का?”

बर्फावरून बाहेर येणारा गॅरेथ थबकला. कॅनडातल्या सॅस्काटूनच्या त्या आइस हॉकी रिंकवर त्याच्याकडे कुणी असलं काही मागितलं नव्हतं. समोर लाल टोपीतली एक मुलगी, हातात इवलीशी पट्टी.

“मी ओरिसिया. विद्यापीठात घामातली साखर मोजणारा सेन्सर बनवते. गोलकीपरला खूप घाम येतो म्हणे?”

“आमच्या टीममध्ये तर येणारच. बाकीचे सगळे पुढे पळतात, मागे मी एकटा!”

ती हसली. तिने पट्टी त्याच्या मनगटावर चिकटवली. पट्टीवर पॉलिमरचा पातळ पापुद्रा होता आणि त्यात साखर ओळखणारं एन्झाइम धरून ठेवलेलं. पापुद्रा चांगला, तर आकडा चांगला.

मग ती दर सरावाला येऊ लागली. तो तिच्यासाठी मधाचा डोनट आणू लागला. गप्पा लांबल्या... आकडे मात्र बिघडले. गॅरेथच्या घामात साखरच साखर! तिने पापुद्रा जाड केला, पुन्हा नवा केला. फरक नाही. सोमवारपर्यंत आकडे रक्तातल्या साखरेशी जुळले नाहीत तर काम बंद, आणि ती परत आईवडिलांच्या गावी.

“मी रक्त तपासून आलो,” शनिवारी गॅरेथ म्हणाला. “साखर अगदी ठीक. दोष तुझ्या पापुद्र्याचा.”

“त्याला नावं ठेवू नकोस हं!” बोटं चाटत तिने नवी पट्टी उचलली—

आणि हात तसाच थांबला.

“काय झालं?”

“प्रयोगशाळेत मी हातमोज्यांशिवाय पट्टीला शिवत नाही. आणि इथे...” ती लाजून लाल झाली. “पापुद्रा खरं तेच सांगत होता रे. तो डोनट मोजत होता!”

गॅरेथ हसत हसत बाकावर कोसळला.

तिने हात धुतले, हातमोजे चढवले. आकडा जुळला. रविवारीही जुळला.

“म्हणजे आता... माझा घाम नको?” त्याने विचारलं.

“नको.”

“मग येणारही नाहीस.”

“गॅरेथ, तुमच्या टीममध्ये घाम येणारे बाकीचेही आहेत की. मी त्यांना कधी विचारलं?”

तो उठून तिच्यासमोर उभा राहिला. ती जेमतेम त्याच्या छातीला लागत होती.

“आधी स्केट काढ,” ती म्हणाली. “एवढ्या उंचावर माझे ओठ पोचायचे नाहीत.”