नवव्या किल्लीची तक्रार

संध्याकाळी धाकटीने घराची बेल वाजवली आणि दार उघडलंच नाही. तिच्या सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं.

समाजशास्त्राच्या पुस्तकांत कुटुंबसंस्थेच्या व्याख्या पानपानभर असतात. या नऊ जणांच्या कुटुंबाची व्याख्या तीन शब्दांत आटोपत असे : कोणीतरी असेलच घरी. त्या दिवशी याच भरवशावर नऊच्या नऊ जण बाहेर पडले होते, आणि शेवटच्याच्या पाठीमागे दार आपोआप लागलं होतं. किल्ली कोणाकडेच नव्हती. ती दिसते कशी, यावरूनही जिन्यात दोन तट पडले.

कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला बोलावून आणलं ते धाकटीनेच. तिशीचा, सडपातळ, बाह्या दुमडलेल्या. तो दारापुढे गुडघे टेकून बसला, कुलपाला कान लावला आणि डोळे मिटले.

"झोपला की काय हा?" आत्याने विचारलं.

"ऐकतोय," तो म्हणाला.

"काय म्हणतंय कुलूप?" धाकटीने विचारलं.

"म्हणतंय, जिन्यात गर्दी फार आहे."

धाकटी हसली. ती हसताना कशी दिसते हे त्याने एक डोळा उघडून पाहून घेतलं... आणि दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली.

घराला नऊ किल्ल्या हव्यात असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्या आणायला धाकटीच गेली. दुकान कपाटाएवढं. पितळेचा कीस काउंटरवर, त्याच्या बोटांवर, एक कण तर भुवईवर. तो पुसावा असं तिला वाटलं. तिने हात पर्समध्ये घातला.

"एकटेच राहता?" तिने विचारलं.

"हो."

"मग जेवताना भांडता कोणाशी?"

"रेडिओशी."

"जिंकतं कोण?"

"बातम्या संपल्या की... मी." त्याने शेवटची किल्ली घासली, फुंकर मारली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "ही तुमची. जपून, गरम आहे."

"गरमच देतात?"

"नाही. थंड होऊ द्यायची असते," तो कानशिलापर्यंत लाल झाला. "पण... तुम्ही तेवढा वेळ थांबाल असं वाटलं नाही."

त्या रात्री जेवताना धाकटीने त्याचा विषय तीनदा काढला. एकदा किल्ल्यांवरून, एकदा रेडिओवरून आणि तिसऱ्यांदा कशावरूनच नाही. तिसऱ्या वेळी वहिनीचा चमचा हवेतच थांबला. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी काकांकडे, काकांनी काकूकडे. चौकशी समिती नेमली गेली ती अशी, एकही शब्द न उच्चारता.

सोमवारी आत्या दुकानात हजर. "किल्ली अडकते हो!" तो ती तपासत होता तेवढ्यात तिने त्याचे आईवडील, शिक्षण आणि झोपेत घोरणं, एवढं उरकून घेतलं. मंगळवारी काका आणि काकू आपापली किल्ली घेऊन आले. बुधवारी आई आणि बाबा, गुरुवारी दादा. शुक्रवारी वहिनी : "फिरते तशी. पण मनापासून फिरत नाही." शनिवारी आजोबा भिंग घेऊन आले. किल्लीला त्यांनी ते लावलंच नाही; किल्लीवाल्याला लावलं.

धाकटीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी ती दुकानावरून सहज गेली. सहज म्हणजे दोन गल्ल्यांचा वळसा घालून. तो खोक्यात कानशी भरत होता.

"दुकान बंद?"

"कायमचं." त्याने मान वर केली नाही. "हातातली कला गेली माझ्या. बारा वर्षांत एक किल्ली परत आली नव्हती. तुमच्या एका घरातून आठ आल्या. दुसऱ्या गावी कारखान्यात पॅकिंगचं काम मिळतंय. उद्या निघतो."

सकाळीच आजोबा नुसती गंमत म्हणून आपल्या किल्लीने दार चारदा उघडत-लावत होते. सगळा प्रकार तिच्या लख्ख ध्यानात आला. त्याला थांबवायला एक वाक्य पुरेसं होतं : किल्ल्या उत्तम आहेत. पण त्यावर तो 'मग का?' विचारणार, आणि त्याचं उत्तर तिने अजून स्वतःलाही दिलेलं नव्हतं.

"किल्ल्यांत... काहीच खोट नाही," ती म्हणाली.

"मग आठ माणसं खोटं बोलली?"

"हो. तेवढं एकमत आमच्यात होतं कधीकधी."

"पण का?"

"तुम्हाला बघायला आले होते." तिने डोळे मिटून घेतले. "मी घरी बोलले तुमच्याबद्दल. जेवताना. तीनदा."

मग त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे किल्ल्या बरोबर होत्या?"

"हो!"

"आठही?"

"आठही! अहो, मी काय सांगतेय, लक्ष आहे का तुमचं?"

"आहे. ओळीने घेतोय... आधी किल्ल्या झाल्या." त्याने खोकं खाली ठेवलं. "आता दुसरं. घरच्यांनी काय ठरवलं?"

"मला कुठे विचारलंय त्यांनी! पण घर बघता... आत्या म्हणेल, घोरत असणार. काका म्हणतील, कमी बोलतो, आपल्याकडे असा एक हवाच."

"आणि नववी किल्ली?" तो हळूच म्हणाला. "दारात सावली पडली की वाटायचं, आज ती आली असेल. बघतो तर भिंग."

"माझी चांगली चालत होती ना! कोणत्या तोंडाने येणार?"

"चुकलंच माझं," तो गंभीरपणे म्हणाला. "तेवढी एक बिघडवायला हवी होती."

धाकटीने हात पुढे केला आणि त्याच्या भुवईवरचा कीस पुसला.

"त्या कारखान्याला काय कळवू?" त्याने विचारलं.

"कळवा, घरचे सोडत नाहीत."

त्याने दारावर 'दहा मिनिटांत येतो' अशी पाटी अडकवली आणि दोघं चालायला लागले. ती दहा मिनिटं साडेतीन तासांची झाली. तेवढ्यात गावातली चार माणसं आपापल्या घराबाहेर अडकून बसली होती, आणि किल्लीवाल्याविषयी ती जे बोलत होती त्यात प्रेमाचा शब्द एकही नव्हता.