मागच्या खोलीला कुलूप

घर बघायला आलेला पहिला माणूस निघताना मागच्या खोलीकडे वळून म्हणाला, "येतो हं, काकू."

मी किल्ल्या घेऊन दारात उभी होते. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. वाटलं, मलाच म्हणाला. अजून पंचविशी उलटली नाही आणि हा मला काकू म्हणतो, म्हणून रागही आला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. वडीलधाऱ्यांसमोर वाकवतात तशी त्याने मान किंचित वाकवली होती. घरात उजेड छान आहे म्हणाला, पुढच्या आठवड्यात कळवतो म्हणाला, आणि नंतर त्याने आमचा फोनच उचलला नाही.

घर आईचं. त्या मागच्या खोलीत शिलाई मशीन टाकून तिने मला वाढवलं, कॉलेजात घातलं. मग ती अंगणात घसरून पडली, कंबर कायमची धरली, आणि मी तिला माझ्या भाड्याच्या जागेत घेऊन आले. सोबतीला मावशी आली. जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून शेजारच्या दोघांनी आईला वर चढवलं, त्यानंतर तिचा पाय जमिनीला लागलेला नाही. घर विकलं की तळमजल्यावर जागा घ्यायची, पुढे थोडी मोकळी जमीन असलेली, असं मी तिला कबूल केलं होतं. तोवर ती खिडकीशी बसायची आणि दुपारी झोपायची. हल्ली फारच झोपायची.

त्यानंतर एक नवं जोडपं आलं. मुलगी मागच्या खोलीत बराच वेळ रेंगाळली आणि बोट तोंडात धरून बाहेर आली. बाहेर फाटकाशी दलालाने खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "घर आवडलं हो. पण त्या काकूंनी सुईत दोरा ओवून मागितला... आता त्यांना उठवून तिथे आमचा पलंग टाकायचा? मनाला नाही पटत."

दलाल मला ते हसत हसत सांगत होता. घराबरोबर काकू फुकट, असं जाहिरातीत घालू का म्हणाला. मला हसू आलं नाही. मी धीर करून त्या खोलीत जाऊन आले. मशीन केव्हाच काढून टाकलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे गंजके डाग तेवढे उरले होते. पण मशीनच्या तेलाचा वास येत होता, आणि कोऱ्या कापडाचा. खिडकी बंद होती, तरी मानेवर कुणी श्वास सोडल्यासारखं झालं. मी धावतच बाहेर आले.

त्या संध्याकाळी आई उशिरा जागी झाली. डोळे चोळत म्हणाली, ती पोरगी भली होती. कोण पोरगी, विचारलं तर तिला काही सांगता येईना.

मग हे दर वेळचंच झालं. कुणी घर बघून गेलं की त्या दिवशी आईला उठवताना नाकी नऊ यायचे. मावशी तिचे तळवे चोळत पुटपुटायची, तुझी आई झोपेत कुठे भटकून येते देव जाणे, पाय नुसते बर्फ झालेत. ती थट्टा करायची. मी मात्र रात्र रात्र आईच्या छातीकडे बघत बसायचे, वरखाली होतेय ना म्हणून.

शेवटी दलालाने त्याच्या धंद्यातला उपाय काढला. जी खोली व्यवहार नासवते तिला कुलूप लावायचं आणि मालकांचं सामान आहे म्हणून सांगायचं. बोलणी पक्की झाली की मग दाखवायची. गिऱ्हाईक यायच्या आधी तो स्वतःचं कुलूप घेऊनच आला. मी हळूच म्हटलं, आधी आत एकदा बघून घ्या ना.

"आत कोण असणार? तुमच्या काकू?" त्याने कुलूप दाबलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

त्या दुपारी आलेल्या नवराबायकोला सगळं पसंत पडलं. कुणी मागे वळलं नाही, कुणाचा निरोप घेतला नाही. बाईंनी तर परसात कुठे काय लावायचं तेही ठरवून टाकलं. पुढचं बोलायला दलाल त्यांच्याच गाडीत बसून गेला. खिडक्या लावून घ्यायला मी मागे राहिले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आई उन्हात खुर्ची टाकून बसलीय, असं डोळ्यांसमोर येत होतं.

तेवढ्यात टकटक झाली.

फार हळू. आत कुणी असेल तर संकोचाने दार वाजवावं तशी. फक्त ही आतून होती.

"कोण आहे?" मी विचारलं. टकटक थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा खालून, वाजवणारं माणूस आता जमिनीवर बसलं असावं तशी. दाराच्या फटीतून तेलाचा वास येत होता.

"आई...?" माझ्याच आवाजाने मी दचकले.

मी कुलूप ओढलं, हिसडलं. कडी जुनी, आईच्याच हातची बसवलेली, हलेना. दलालाला फोन लावला, लागेना. टकटक मंद होत चालली होती. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत होतं... मी घरी फोन लावला. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला. पाठ दाराला टेकवून उभी राहिले. ठोके आता माझ्या पोटऱ्यांशी जाणवत होते. उचल गं मावशी, उचल ना...

फोन उचलला गेला.

"अगं, मघापासून हाका मारतेय तिला, डोळेच उघडत नाही," मावशी कुजबुजली. "आणि हात... हवेतच दार वाजवल्यासारखा हलत होता गं तिचा. आत्ता थांबला."