हरणाचा राहिलेला घास

बसा. शेगडीजवळ सरका जरा, बूट पार भिजलेत तुमचे.

नाही... तिथं नको. त्या भिंतीला टेकून नका बसू.

का, ते सांगतो. गोष्ट हवी होती ना? मग ऐका. पण एक आधीच सांगतो, ही रचलेली नाही. खोटी वाटली तर हा जिना चढा आणि माणूस डोळ्यांनी बघून या. कास्पर वर झोपलाय. माझ्या बहिणीचा, झेंझीचा नवरा.

आणि रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. भूत काय घड्याळ बघून येतं होय?

ऑक्टोबर सरत आला होता. आमच्या ओबरलाख गावाच्या वरचं रान. संध्याकाळ. धुकं असं, की हात लांब केला तर बोटं दिसू नयेत.

कास्परच्या समोर एक नर हरीण उभं होतं. शिंगं अशी... फांद्यांत फांद्या.

कास्परनं घाई केली. गोळी सुटली.

नर पडला नाही.

त्यानं नुसती मान झटकली आणि ओढ्याच्या बाजूला धुक्यात शिरला.

कास्पर जाऊन बघतो तर गवतावर रक्त थोडंच. पण हाडाची एक किरच पडलेली... आणि तिच्यात दात.

शिकाऱ्याला अजून काय सांगायला लागतं? गोळी जबड्यात बसली होती. खालचा जबडा गेला.

असलं जनावर लवकर मरत नाही हो. पळतं, हिंडतं, पाण्याशी जातं. समोर गवत असतं. वाकतं. पण खाता येत नाही.

आता आमच्याकडं रीत अशी. जखमी जनावर पळालं, की लाज सोडायची आणि कुत्रेवाल्याला हाक मारायची. अख्ख्या खोऱ्यात कुत्रेवाला एकच, आमचा बाप आलोईस. त्याची कुत्री हेक्सी दगडावरचा वास काढायची. सकाळच्या आत जनावर सापडलं असतं, सुटलं असतं.

कास्परनं खिशातून फोन काढला. हातात धरून उभा राहिला.

आणि परत ठेवला.

कारण आदल्या वर्षी खानावळीत, सगळ्यांसमोर, सासरा त्याला म्हणाला होता, "जावई, तुझ्यापेक्षा आमची हेक्सी बरा नेम धरेल. आणि तिला तर बंदूकही नाही!" अख्खी खानावळ हसली होती. मी पण हसलो होतो.

ते हसू कास्परच्या कानात होतं. त्यानं ती किरच उचलली, ओढ्यात टाकली आणि घरी आला.

"काही मिळालं का?" झेंझीनं विचारलं.

"धुकं होतं," तो म्हणाला.

आठवडा गेला, वर थोडे दिवस गेले. मग तो एकटाच वर गेला.

नर ओढ्याच्या काठाला पडलेला. फासळी न् फासळी वर आलेली. तोंड हिरव्यागार गवतात खुपसलेलं... आणि त्या गवताचं एकही पातं तुटलेलं नव्हतं.

आमच्यात अजून एक रीत आहे. जनावर पडलं, की सुरी लावायच्या आधी त्याच्या तोंडात देवदाराची हिरवी डहाळी द्यायची. शेवटचा घास. दुसरी डहाळी आपल्या टोपीत खोवायची. मग जनावर आपलं.

कास्परनं सवयीनं डहाळी मोडली. तोंडाशी धरली.

खाली पडली.

परत धरली. परत पडली. धरायला खाली काही नव्हतंच ना.

त्यानं डहाळी फेकून दिली, मुंडकं कापलं, पोत्यात घातलं आणि घर गाठलं.

मागच्या अंगणात चूल पेटवून त्यानं कपडे उकळायचा हंडा चढवला. झेंझी धावत आली.

"कास्पर! चादरी उकळते मी त्यात!"

"घासून देतो नंतर."

"तू? तू स्वतःची ताटली कधी घासलीस? आणि हा वास कसला? आजच मारलास म्हणतोस ना?"

"ऊन लागलं त्याला."

"ऊन? नोव्हेंबरात?" नाकाला पदर, म्हणजे तो ॲप्रन हो, लावून ती आत गेली.

कातडं आधीच सोललं होतं. पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, शिंगं पाण्याच्या वर राहतील अशी आडव्या काठीला बांधली. घाई करायची नसते या कामात. पाणी नुसतं थरथरत ठेवायचं, फेस काढायचा, मांस सुटलं की खरवडायचं, मागच्या भोकातून तार घालून मेंदू काढायचा.

कास्पर फेस काढत होता. राखाडी फेस. नेहमीचा.

मग पळीत आलं... हिरवं.

त्यानं बोटानं चाचपलं. गवत. चावून चावून बारीक केलेलं, कोवळं, ताजं गवत.

पोट रानात राहिलेलं. हंड्यात नुसतं डोकं. पळी पळी हिरवं निघत राहिलं.

त्यानं सगळं पाणी उकिरड्यावर ओतलं, नवीन भरलं आणि कुणाला बोलला नाही.

मग पेरॉक्साइड लावून कवटी पांढरी केली, ओकच्या फळीवर बसवली आणि टांगली. इथंच. या भिंतीला.

रविवारी बाप जेवायला आला. नाशपातीच्या दारूचा पेला हातात घेऊन कवटीसमोर उभा राहिला. हेक्सी मात्र उंबऱ्याबाहेर बसली. ओढली तरी आत येईना.

"मोठा आहे रे," बाप म्हणाला. "खालचा जबडा कुठाय? वय बघू दे दातांवरून."

"कुत्र्यानं नेला."

"कुणाच्या? माझ्या?"

कास्परनं पाव कापायला घेतला.

बापानं खुंटीवरची टोपी उचलली, फिरवून बघितली. "आणि टोपीत डहाळी कशी नाही, जावई?"

"पडली असेल कुठं तरी."

बापानं टोपी परत खुंटीला अडकवली. पेला तसाच ठेवला आणि जेवायला बसला.

झेंझीनं वाढलं. रश्श्यातले पावाचे गोळे, आत खारवलेलं मांस. सगळे खायला लागले.

आणि आवाज आला...

कर्र... कर्र... कर्र...

दात दातावर घासल्यासारखा. रवंथ करतात ना, तसा.

"बाबा, हळू चावा की," झेंझी म्हणाली.

"माझे दात घरी पेल्यात काढून ठेवलेत, पोरी."

सगळ्यांनी चावायचं थांबवलं.

कर्र... कर्र...

आवाज भिंतीवरून येत होता. जबडा तर ओढ्यात. मग चावत होतं कशानं?

त्या दिवसापासून जेवायला बसलं की आवाज. जेवण संपलं की बंद. गिळल्याचा आवाज मात्र कधीच नाही. नुसतं चावणं.

मग खिडकीतल्या कुंड्यांतली जिरेनियम गेली. नुसते दांडे राहिले. झेंझी शेजारणीच्या बकरीला शिव्या घालून आली. खिडक्या बंद होत्या हे तिच्या लक्षात आलं ते घरी आल्यावर.

नाताळाआधी टेबलावर देवदाराचं हिरवं कडं ठेवतो आम्ही. सकाळी बघावं तर तार आणि चार मेणबत्त्या.

आणि मग...

भर दुपार. कास्परनं पावाचा तुकडा तोंडात घातला. कट्ट असा आवाज झाला. झेंझीला टेबलापलीकडून ऐकू आला.

जबडा मिटला तो उघडेना.

डॉक्टरांनी फोटो काढले, सुया टोचल्या, गावाखालच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हाड चांगलं, सांधा चांगला. काही नाही म्हणाले. दातांच्या फटीतून रस्सा ओढायचा, तोही उलटून यायचा.

ताट समोर असायचं. तो वाकायचा. पण खाता यायचं नाही.

अंगावरचा सदरा लोंबायला लागला. फासळ्या दिसायला लागल्या. झेंझी माझ्याकडं येऊन रडली, "माझा माणूस माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरतोय रे. आणि तो मेला भिंतीवर बसून चावतोय!"

शेवटी बाप आला. खुर्ची ओढून कास्परसमोर बसला.

"आता बोल," म्हणाला. "दात मिटलेत, जीभ नाही."

आणि कास्परनं मिटल्या दातांतून सगळं सांगितलं. धुकं, किरच, फोन. तुम्हाला सांगितलं तेच सगळं.

बाप म्हणाला, "माझ्या एका टोमण्याला घाबरलास? जनावर तडफडत ठेवलंस, पण मला हाक नाही मारलीस?"

कास्पर रडत होता. तोंड न उघडता माणूस कसा रडतो, ते तुम्ही बघू नये.

बाप बाहेर गेला. बर्फातून देवदाराची डहाळी मोडून आणली, कवटीखाली खिळा ठोकला आणि तिथं अडकवली. टोपी काढली. "घे बाबा," एवढंच म्हणाला.

सकाळी डहाळीची टोकं कुरतडलेली होती.

आणि कास्परनं तोंड उघडलं. बोटभर. अर्धा गोळा खाल्ला. झेंझीनं कुस्करून भरवला.

आम्हाला वाटलं, मिटलं. मी आणि बापानं कवटी ओढ्याकाठी नेऊन पुरली. घरी येऊन बघतो तर कास्पर निळा पडलेला, जबडा असा आवळलेला की एक दात फुटला. पळत जाऊन परत उकरून आणली. बर्फात, हातांनी.

तेव्हापासून ती इथंच आहे.

रोज संध्याकाळी ताजी डहाळी. सकाळी कुरतडलेली दिसली, की त्या दिवशी कास्पर जेवतो. थोडंसं. मरणार नाही इतकं. पोटभर कधीच नाही. नाही दिसली, की दिवसभर दात मिटलेले. एकदा लागोपाठ काही दिवस तसं झालं, तेव्हा शेवटची प्रार्थना म्हणायला पाद्रीबाबा येऊन बसले होते वर.

बाप गेला. मग झेंझी लावायची. तिला सांगायला लागायचं नाही. टोपी नसते तिला, तर डोक्याचा रुमाल काढायची आणि म्हणायची, "घे बाबा."

काल तिला गुडघ्यासाठी खाली हॉस्पिटलात नेलं. जाताना चारदा बजावलं मला.

मी लावली हो डहाळी. लावली.

पण... टोपी काढली का मी? आठवत नाही. थंडी होती. बोटं गारठली होती. आणि "घे बाबा" म्हणालो का, तेही...

सकाळपासून कास्पर खाली आला नाही. हाक मारली, ओ नाही. मी दाराबाहेर पाव ठेवून आलो. पाव तसाच आहे.

आणि तुम्ही आल्यापासून बघताय ना, मी एकदाही त्या भिंतीकडं मान वळवली नाही.

तुमची नजर चांगली असेल. एवढं करा माझ्यासाठी... वर बघा जरा. कवटीखाली, खिळ्याला.

डहाळी कुरतडलेली आहे का, तेवढं सांगा.